दिलेल्या लेकी

घराण्यातून उतरणाऱ्या कॅन्सरच्या अभ्यासासाठी एक डॉक्टर बाई आमच्या इंदापूर-बारामतीकडं रक्ताचे नमुने गोळा करतात. गाडी माझी असते. चहाला नको म्हटलं की माणसं गप्प होतात, म्हणून बाई घरोघरी चहा पितात आणि संध्याकाळी पित्तानं बेजार होतात.

शेळगावात एक आबा म्हणाले, "आमच्यात कॅन्सर कुणालाच न्हाय."

"आणि दिलेल्या लेकी?" बाईंनी विचारलं.

"त्या त्यांच्या घरच्या."

"रक्त तुमचंच ना, आबा?"

आबांनी मान खाली घातली. "दोघी गेल्या. छातीच्या कॅन्सरनंच."

परतताना बाईंनी भावाला फोन लावला. "माझ्या रक्तात कॅन्सरचा तो दोष निघालाय. तू आणि तुझ्या पोरी तपासून घ्या."

फोन ठेवून त्यांनी डोळे मिटले.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणतो, तू आता सासरची. तिकडचंच आलं असंल."