अण्णांचा डावा पाय

आमच्या अण्णांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, डावा पाय कधीच निवृत्त झाला नाही. ग्वाल्हेर संस्थान विलीन झालं, मोटारखाना मोडला, तिथलं अण्णांचं अधिकारीपण संपलं. पण दसऱ्याच्या सवारीत हत्तींच्या मागून मोटार चालवलेला तो पाय काही क्लचवरून उतरेना. सवारीत मोटार माणसाच्या चालीनं न्यायची असते. "पुढच्या चोपदाराच्या टाचेला चाक लागलं की नोकरी गेली," असं अण्णा सांगत. त्यामुळे रस्ता रिकामा असला तरी त्यांचा पाय पेडलवर टेकलेलाच असे.

निवृत्तीनंतर त्यांनी आयुष्यातली पहिली स्वतःची गाडी घेतली. कोरी, वर्षाच्या गॅरंटीची. थोड्याच दिवसांत क्लच दाबला की आतून किरकिर ऐकू येऊ लागली आणि एकदा टोपी बाजाराच्या तोंडाशी गिअरच पडेना. एजन्सीवाल्यांनी गॅरंटीत क्लचचं बेअरिंग बदलून दिलं. काही महिन्यांत पुन्हा तीच रड, पुन्हा नवं बेअरिंग.

तिसऱ्या खेपेला मीही बरोबर होते, कारण तिथूनच पाटणकर बाजारात जायचं होतं. मॅनेजर अदबीनं म्हणाला, "साहब, बेयरिंग में खोट नहीं है। आप पैर रखे रहते हैं, इसलिए घिस जाता है।"

"गॅरंटी मोटर की है या मेरे पैर की?" अण्णा कडाडले.

"मोटर की, साहब। पैर की कंपनी नहीं देती।"

मी पदरात तोंड लपवलं. बेअरिंग त्यानं बदललं, पण यापुढे कंपनी ऐकणार नाही, असं बजावूनच. वाटेत अण्णा म्हणाले, "यांना सवारी मालूमच नाही, म्हणून बोलतात झालं." आणि पाय होता तिथेच ठेवला.

मग राज्यांची फेररचना आली. मध्यभारत गेला, मध्यप्रदेश झाला आणि ह्यांचं ऑफिस उठून भोपाळला निघालं. अण्णा ग्वाल्हेर सोडणार नव्हते. "पण तुम्हाला पोचवायला मीच येणार. रेल्वेनं जायला तुम्ही काय पार्सल आहात?" एवढं म्हणाले खरं, पण इतक्या लांबच्या रस्त्यात बेअरिंग गेलं तर? तेव्हा कुठे त्यांनी पायाला वळण लावायचं मनावर घेतलं. लक्ष ठेवायला मला शेजारी बसवलं. आता सुनेनं सासऱ्यांना 'पाय काढा' कसं म्हणायचं? शेवटी त्यांनीच तोड काढली, की पाय पेडलवर गेला की मी नुसत्या बांगड्या वाजवायच्या.

रोज सकाळी ग्वाल्हेरच्या लश्कर भागात आमची फेरी निघे. अण्णा गाडी चालवत, मी बांगड्या वाजवी, आणि गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून बघत. पुढे पुढे बांगड्या कमी वाजू लागल्या, गप्पा वाढल्या. साताऱ्याहून इतक्या दूर दिलेली मी. ग्वाल्हेर मला माझं वाटू लागलं ते त्या फेऱ्यांत, आणि तेही निघायच्या तोंडावर.

भोपाळच्या रस्त्यावर अण्णांचा पाय पेडल सोडून सपाट खाली होता. शिवपुरी गेलं, गुना गेलं. माझे हात मांडीवर गप्प. गुन्याच्या पुढे माझ्या ध्यानात आलं, की गाडी बंद पडावी असं मला वाटतंय. कुठल्याशा आडगावात अडकावं, सुटा भाग यायला उशीर व्हावा, अण्णा आणखी चार दिवस आमच्यात राहावेत. देवाजवळ असलं कुणी मागतं का? मी मागितलं. बेअरिंगनं मात्र इमान राखलं.

भोपाळला उतरल्यावर अण्णा म्हणाले, "पाहिलंस? एकदाही वाजवाव्या नाही लागल्या." लहान मुलासारखे खूश होते. दुसऱ्या दिवशी चहा घेऊन परत निघाले. मी फाटकाशी उभी राहिले. त्यांनी क्लच दाबला, आवाज आला नाही. पहिला गिअर पडला, मग दुसरा, आणि गाडी वळणाआड गेली.

त्याच हिवाळ्यात अण्णा गेले. पुन्हा भेट झाली नाही. अजून वाटतं, तो पाय मी इतका सुधारायला नको होता.