आमच्या रेवाचे फुल्ल पॉइंट्स

चहा आधी संपवा, मग सांगते. नाकातून आला तर मला बोल लावू नका. आणि एक आत्ताच सांगून ठेवते, या सगळ्यात माझी चूक होती हे मला आजही मान्य नाही!

दोन हजार पाच-सहाची गोष्ट. आम्ही तेव्हा अमेरिकेत, जॉर्जियातल्या अल्फारेटात राहायचो. आमची रेवा सोळा वर्षांची झाली, ड्रायव्हिंग टेस्ट पहिल्या फटक्यात पास झाली आणि लायब्ररीत समर जॉबही मिळवून आली. सोमवारपासून हजर व्हायचं होतं. आता आमच्या भागात बस म्हणजे फक्त पिवळी, शाळेची, तीही सुट्टीत बंद. म्हणजे गाडी हवी, आणि गाडी चालवायची तर घरच्या इन्शुरन्सवर तिचं नाव हवं.

आमचे हे म्हणाले, "टीनएजर म्हटलं की ते लोक प्रीमियम दुप्पट करतात. त्याच्या वर गेला तर जॉब कॅन्सल." रेवाचा चेहरा एवढासा झाला.

"बघतेच कसा वर जातो ते!" मी म्हटलं. सांगलीत बारा वर्षं गणित शिकवलंय मी. हेडमास्तरांना घाबरले नाही, ती एजंटला घाबरणार?

फोन लावला. एजंटचं नाव डेल. बोलणं इतकं संथ, की त्याचं वाक्य संपेपर्यंत माझ्या कुकरची एक शिट्टी व्हायची. नाव झालं, वय झालं, मग त्याने विचारलं, "एनी पॉइंट्स, मॅम?"

पॉइंट्स! म्हणजे गुण. आता तुम्हीच सांगा, गणिताच्या बाईला तिच्या मुलीचे गुण विचारल्यावर ती गप्प बसेल?

"ऑफ कोर्स! फुल्ल पॉइंट्स!"

"फुल्ल?"

"येस! कधीकधी एक्स्ट्रासुद्धा!"

"हाऊ डिड शी गेट देम, मॅम?"

"डेली प्रॅक्टिस! मी स्वतः शेजारी बसते, घड्याळ लावते आणि ओरडते, फास्टर! फास्टर!"

"यू टेल हर टू गो फास्टर?"

"मग? विदाउट स्पीड, पॉइंट्स मिळणार कसे?"

"नो, मॅम," डेल खोल गेलेल्या आवाजात म्हणाला, "आय गेस दे वोन्ट. घरात आणखी कोणाला आहेत?"

"एव्हरीबडी! माझ्या मिस्टरांना जरा कमी. पण त्यांच्या आई? तालुक्यात पहिल्या!"

मग त्याने प्रीमियमचा आकडा सांगितला. तो मी तुम्हाला सांगत नाही, पण आमची पहिली गाडी त्याहून स्वस्तात आली होती. "एवढा कशाबद्दल?" मी ओरडलेच.

"ऑल दोज पॉइंट्स, मॅम."

माझं डोकंच फिरलं! हुशारीचा दंड? रेवाला गाडीत घातलं आणि तडक त्याचं ऑफिस गाठलं. रिपोर्ट कार्डं, स्पेलिंगची सर्टिफिकिटं, एवढंच काय, मंडळातल्या पाठांतर स्पर्धेचं बक्षीससुद्धा त्याच्या टेबलावर आपटलं. डेल एकेक कागद उलटत होता. मराठीतलं सर्टिफिकिट त्याने उलटंसुलटं करून पाहिलं.

"सो दीज आर द पॉइंट्स?"

रेवाने कपाळाला हात लावला. "आई! पॉइंट्स आर बॅड! यू गेट देम फॉर स्पीडिंग!"

डेल इतका हसला की त्याचा चष्मा टेबलाखाली गेला. बिचाऱ्याने तो शोधून काढला आणि म्हणाला, चांगले मार्क असणाऱ्या मुलांना आमच्याकडे सवलत असते. नवा आकडा दुपटीच्या आत बसला. आमच्या ह्यांना तिथूनच फोन केला, ते कसंबसं हो म्हणाले, आणि रेवाचा जॉब वाचला.

मग मी माफी मागितली? मुळीच नाही! "तुमचा शब्दच उलटा आहे," मी त्याला इंग्रजीत सुनावलं. "गुन्ह्याला कोणी गुण देतं का?"

पार्किंगमध्ये रेवा म्हणाली, "कॅन आय ड्राइव्ह नाऊ?"

"अजिबात नाही. तू नवीन आहेस. शेजारी बसून नीट बघ."

निघालो. माझी टकळी चालूच होती. पॉइंट्स म्हणे! जगात कुठेही विचारा, गुण मिळवायचे असतात! बोलण्याच्या भरात पाय कुठे दाबला जातोय याकडे लक्षच नव्हतं. मागे निळे दिवे लुकलुकले तेव्हा कुठे कळलं.

पोलीस वाकून म्हणाला, "पस्तीसच्या रस्त्यावर पंचावन्न, मॅम. दॅट्स थ्री पॉइंट्स."

रेवा खिडकीकडे तोंड करून गदागदा हलत होती. मी मान ताठ ठेवून विचारलं, "आउट ऑफ?"

तो गोंधळला. "वेल… पंधरा झाले की लायसन्स जातं."

पंधरापैकी तीन. म्हणजे वीस टक्के! सांगलीत अशा पोरांच्या पालकांना मी शाळेत बोलावून घ्यायचे. इथे पोलीस गेल्यावर लेकीने माझ्यापुढे हात केला.

"आई, किल्ली दे," म्हणाली, तेही स्वच्छ मराठीत.