कडूबानं न पाहिलेली लेणी

मोठ्या स्टेशनाबाहेर पांढरी सुमो उभी असायची आणि सुमोला टेकून कडूबा. पुण्या-मुंबईकडचं एखादं जोडपं पाठीला पिशव्या लावून यायचं आणि म्हणायचं, काका, चार-पाच दिवस हाताशी आहेत, लांबचा दौरा करायचाय, पण सगळं जग बघतं ती लेणी नकोत, जरा वेगळं काही दाखवा. कडूबा मग नाडी धरलेल्या वैद्यासारखा डोळे मिटायचा. थोड्या वेळानं डोळे उघडून सांगायचा की तुमच्या जोडीला पितळखोऱ्याची लेणी मानवतील. जोडपं खूश. आपल्याला खरा जाणकार भेटला म्हणून गाडीत बसताना एकमेकांकडं बघून हसायचं.

या जाणकारानं आयुष्यात एकाही लेण्यात पाऊल टाकलेलं नव्हतं.

दचकू नका. मराठवाड्यातल्या निम्म्या ड्रायव्हरांची हीच कथा आहे. कडूबा तरुणपणी छावणीतल्या एका शेठची ॲम्बॅसिडर चालवायचा, तेव्हा शेठनं बजावलं होतं की गाडी सोडून हलायचं नाही. लेण्यांवरची वांदरं वायपरचं रबर ओरबाडतात, आरसे वाकवतात आणि वर टपावर बसून त्याच आरशात तोंड बघतात. शेठ गेले, ॲम्बॅसिडर भंगारात गेली, पण कडूबा गाडीजवळच राहिला. लिंबाच्या सावलीत गमछा अंथरायचा, हैदर ड्रायव्हर आला की पत्त्यांचा डाव मांडायचा, आणि सवारीला उशीर झाला की हॉर्न वाजवायचा. त्या हॉर्ननं लेण्यातल्या मूर्तीसुद्धा दचकत असतील. सवारी धापा टाकत यायची आणि चिडून म्हणायची, अहो, एवढी कसली घाई आहे? कडूबा हैदरला डोळा मारायचा. दगडात एवढं काय बघत बसतात, हे कोडं दोघांनाही कधी सुटलं नाही. पुढं सरकारनं अजिंठ्याच्या गाड्या पार खाली फाट्यावरच अडवायला सुरुवात केली, तेव्हा बाकीचे ड्रायव्हर कुरकुरले. कडूबाला मात्र सरकारनं आपल्याच मनातलं ओळखल्यासारखं वाटलं.

मग सल्ला कशाच्या जोरावर द्यायचा? तर परत येणाऱ्या माणसांच्या तोंडाकडं बघून. अजिंठ्याहून सवारी गप्प येते. वेरूळहून पोटऱ्या चोळत येते. पितळखोऱ्याहून नवरा-बायको भांडत येतात, कारण तिथं उतरायला पायऱ्या लई आणि चढायलाही त्याच. त्यामुळं ज्या जोडप्याचं फारच गुळपीठ दिसायचं, त्याला तो पितळखोऱ्याला पाठवायचा. त्याचं शास्त्र हे एवढंच होतं.

आता हे स्टेशनापुरतं राहिलं असतं तर कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण गडी घरीसुद्धा बाता मारायचा. परतीच्या वाटेवर मागच्या सीटवरची माणसं जे बोलायची, ते कान देऊन ऐकायचा आणि रात्री भाकरी मोडता मोडता बायकोला, सरूबाईला, सांगायचा. ऐकलेलं अर्धं, त्यात दौरा लांबचा, सगळी लेणी एकात एक मिसळलेली. म्हणून कडूबाच्या कैलासात भला मोठा बुद्ध उशाला हात घेऊन झोपलेला असायचा, अजिंठ्यात रावण डोंगर हलवायचा, आणि पितळखोऱ्याच्या भिंतीवर रंगीत राण्या आरशात बघायच्या. सरूबाई तवा खाली ठेवून ऐकायची. तिनं वेरूळ पाहिलं होतं, म्हणजे दर श्रावणात घृष्णेश्वराचं दर्शन घेऊन एसटीनं परत आली होती. लेण्यांच्या दारावरून एसटी जायची तेव्हा ती खिडकीतून हात जोडायची आणि बाजूच्या बाईला सांगायची, आमच्या मालकांना आतला दगडन् दगड ठाऊक हाय. माहेरी, जाऊबाईंकडं, हळदीकुंकवाला, जिथं जाईल तिथं ती नवऱ्याचे झोपलेले बुद्ध वाटत सुटायची. कडूबाची जी काही इज्जत होती ती या बुद्धांच्या उशाशी ठेवलेली होती.

आणि एका उन्हाळ्यात सरूबाई म्हणाली, दाखवा.

पोरगा शेंद्र्याच्या कंपनीत चिकटला होता, पोरी नांदत होत्या, उन्हाळ्यात सवाऱ्या नव्हत्या, गाडी दारात उभी होती. तिची धाकटी बहीण आशाबाई जालन्याहून आली होती आणि दाजींच्या तोंडून लेणी ऐकायला तिचे कान शिवशिवत होते. दोघींनी वेरूळपासून अजिंठ्यापर्यंतचा दौरा ठरवूनही टाकला. आत नेलं की झोपलेला बुद्ध दाखवावा लागणार, आणि तो नेमका कुठल्या कोपऱ्यात झोपलाय याची त्याला काडीची कल्पना नव्हती. इतक्या वर्षांचा थाट एका दुपारीत मातीत जाणार होता.

पण कडूबा काय कच्चा गडी होता! त्यानं मोठ्या विचारानं बेत आखला. सोमवारी अजिंठा, मंगळवारी वेरूळ. सोमवारी अजिंठा बंद असतो आणि मंगळवारी वेरूळ. फाटकाला कुलूप दिसेल, आपण कपाळाला हात लावू, सरकारला दोन शिव्या घालू, बायकांना भजी खाऊ घालू आणि माघारी फिरू. बेत ऐकून सरूबाईनं त्याच्याकडं नुसतं पाहिलं. सोमवार-मंगळवारी नवऱ्याला धंदा नसतो, तो घरी लोळत पडतो आणि दोन्ही वेळा भाजीला नावं ठेवतो, हे ती लग्न झाल्यापासून सोसत आली होती. अजिंठा कधी बंद असतो हे म्हशीलासुद्धा माहीत आहे, असं म्हणून तिनं बुधवार ठरवला आणि धपाटे थापायला घेतले.

बुधवारी सकाळी सुमो वेरूळला पोचली. कडूबानं सवयीनं लिंबाखाली गाडी लावली. हैदर तिथं होताच, पण वहिनींना बघून त्यानं पत्ते खिशात घातले. समोरच सोळा नंबर, म्हणजे कैलास. कडूबानं हात लांब करून सांगितलं की नाकासमोर जा, बुद्ध आतच हाय, मला काही आता नवीन नाय, अन् वांदरं तर तुम्ही बघताच आहात. बायका आत गेल्या. कडूबानं गमछा अंथरला, पण झोप लागेना. उन्हं कलायला लागली तरी त्या बाहेर येईनात. हॉर्नवर हात गेला आणि तसाच माघारी आला.

शेवटी दोघी आल्या. कडूबानं सवयीनं तोंडं बघितली. आशाबाई पोटऱ्या चोळत होती, म्हणजे वेरूळच. सरूबाईच्या तोंडावर मात्र जे होतं ते त्याच्या शास्त्रात बसेना. चपला हातातच होत्या, पायात घालायच्या विसरली होती.

आशाबाईनं पहिलाच प्रश्न टाकला. दाजी, सगळं धुंडाळलं, हत्ती दिसले, रावण दिसला, तुमचा बुद्ध काही दिसला नाय, तो कुठशी झोपलाय? कडूबा गमछा उचलून झटकायला लागला. हैदर घाईघाईनं टायरची हवा तपासायला वाकला.

सरूबाईच मधे बोलली. बुद्ध पार पलीकडच्या अंगाला हाय, तुझ्या पायात दम नव्हता म्हणून मीच नेलं नाय, असं तिनं बहिणीला ठणकावलं आणि तिला उसाचा रस प्यायला पिटाळलं.

मग नवऱ्याकडं वळली. रागावली असती तर कडूबाला बरं वाटलं असतं.

"रावण तुमी अजिंठ्यात सांगितला व्हता," ती म्हणाली. "तुमी आत कधी गेलाच नाय ना?"

कडूबा गमछ्याची घडी घालत राहिला. त्याला भयंकर लाज वाटली. इतकी, की खोटं बोलायचंही सुधरेना.

"वांदरं असतात," तो म्हणाला.

"चावी द्या इकडं. वांदरं मी हाकलते. तुमी जाऊन या."

तिनं चावी हातातून काढूनच घेतली आणि ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसली. कडूबानं एकदा हैदरकडं बघितलं, एकदा लिंबाकडं. मग तिकिटाच्या रांगेत उभा राहिला. खिडकीतला बाबू त्याला पुरता ओळखत होता. सवारी आत काही विसरली का, असं त्यानं विचारलं. व्हय म्हणून कडूबा आत शिरला.

आशाबाईचा रस पिऊन झाला. दुसरा पिऊन झाला. पहारेकऱ्यांच्या शिट्ट्या सुरू झाल्या, माणसं बाहेर पडायला लागली, शाळेच्या पोरांची रांग गेली, परदेशी गेले, पण कडूबाचा पत्ता नाही. सरूबाईला गाडी चालवता येत नव्हती, पण हॉर्न कुठं असतो ते ठाऊक होतं. तिनं तो दाबला. मग पुन्हा दाबला, आणि दाबूनच धरला. टपावरचं वांदर उडी मारून पळालं.

सगळ्यांच्या मागून, पहारेकऱ्यानं जवळजवळ ढकलतच बाहेर काढलेला कडूबा दिसला. दोन पावलं चालायचा, थांबायचा, मान वर करून मागं बघायचा. डोळे लाल झाले होते. गाडीजवळ आला तेव्हा आशाबाईनं काय काय पाहिलं म्हणून विचारलं, तर आयुष्यभर लेणी सांगणाऱ्या त्या माणसाला एक शब्द फुटेना. सरूबाईचा हात अजून हॉर्नवरच होता. त्याकडं बघून तो चांगलाच चिडला.

"आगं," तो म्हणाला, "एवढी कसली घाई हाय?"