आधी आपला ओटा

लाँड्री बायकोची आणि इस्त्री आपली, ही वाटणी दादांनी लग्नानंतर लवकरच मान्य करून टाकली होती. गिऱ्हाइकांशी बोलणं, डाग काढणं, दिलेला शब्द पाळणं हे सगळं वहिनींचं. दुकानापुढे फुटपाथवर बांधलेल्या ओट्यावर इस्त्रीचं टेबल होतं, तिथं वारा छान यायचा. तेवढं दादांचं राज्य.

वहिनी नगरपालिकेच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या, त्या बाजारातल्या दुकानदारांनी गळ घातली म्हणून. "वहिनी, आपलं एक माणूस आत हवं," असं शेजारचे चष्मेवाले म्हणाले आणि पत्रकावर पहिलं काम म्हणून 'प्रशस्त वाहनतळ' छापून मोकळेही झाले.

प्रचाराला मात्र वहिनी बाजारात फिरल्याच नाहीत. डागाळलेला कपडा हाती आला की आधी उलटा करायचा, डाग आतल्या बाजूनं धुवायचा, हा त्यांचा शिरस्ता. प्रभागातही त्या तशाच मागच्या गल्ल्यांतून शिरल्या. परतल्या त्या दुकानात न शिरता ओट्यासमोरच उभ्या राहिल्या. दादांना वाटलं, दमली असेल.

मग शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली. सासूला चाकाच्या खुर्चीतून घेऊन आलेल्या एका बाईनं उभं राहून विचारलं, "पहिलं काम कोणतं करणार तेवढं सांगा. सगळंच करणारे पुष्कळ भेटले."

हॉलमध्ये हशा पिकला. वहिनी हसल्या नाहीत.

"फुटपाथ मोकळे करणार. यांना दवाखान्यात न्यायला तुम्ही भर रस्त्यातून खुर्ची ढकलता. परवा मी सोबत आले, तर माझाच जीव मुठीत. वाहनतळाचं नंतर बघू. आणि सुरुवात आमच्या ओट्यापासून."

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि ते उठून चालते झाले. त्यांच्यामागे दुकानदारांची अख्खी रांग. दादा तेवढे खुर्चीला चिकटून राहिले. बायकोच्या सभेतून उठून जायचं तरी कुठं?

घरी जाताना त्यांचा बांध फुटला. "अगं, निदान मला विचारायचंस तरी!"

"तुम्ही नाही म्हणाला असता."

"म्हणालोच असतो! आत वाफ कोंडते, तिथं मी दिवसभर शिजू? आणि हे लोक गेले म्हणजे निवडणूकही गेली."

"जाईलही," वहिनी म्हणाल्या. "पण ओटा तसाच ठेवून त्या बाईकडे मत मागायला माझी जीभ रेटेना हो."

दादा तरातरा पुढं निघून गेले. रागानंच झोपले.

सकाळी दुकानाशी येऊन बघतात तो वहिनी पदर खोचून, हातात पहार घेऊन ओट्यावर घाव घालतायत. येणारेजाणारे थबकलेले. घाव निम्मे वाकडे पडत होते, तरी बाई थांबत नव्हती. ज्यांच्या जोरावर उभी राहिली ते पाठ फिरवून गेले, नवरा फुगून बसला, आणि हिच्या कपाळावर नुसता घाम. आठी एकही नाही. इतकी वर्षं एका छपराखाली राहून आपण हिला पुरती पाहिलीच नव्हती, असं दादांना वाटलं. त्यांच्या अंगावर काटा आला.

"पहार अशी धरतात होय? पाय फोडून घेशील. सरक," ते म्हणाले आणि पहार त्यांनी आपल्या हातात घेतली.

लादी उचकटली, विटा निघाल्या, माती उपसली, आणि खाली फुटपाथच्या मूळ फरशा दिसल्या. लालभडक. त्यांच्यावरून कधी कुणी चाललंच नव्हतं. दोघं वाकून बघत राहिले. वहिनींनी हातानं एक फरशी पुसली.

"वहिनी, हा काय पोरखेळ मांडलाय?" चष्मेवाले तणतणत आले. "आता आम्हालाही तोडायला लावणार का?"

वहिनी नुसत्या त्यांच्या पायांकडे बघत होत्या. मागून ट्रकनं भोंगा वाजवला तसे चष्मेवाले बोलता बोलता रस्त्यावरून वर सरकले होते, आणि आता त्या लाल फरशांवर ऐसपैस उभे राहून भांडत होते.