लाल धाग्याची ओळ

आमच्या दुसरबीडात बातमी अशी पसरली, की अन्नपूर्णाबाईला तिच्या सुनेनं शेडनेटमध्ये कोंडून ठेवलंय. जाऊन पाहिलं तर दाराची चेन आतून ओढलेली. कोंडणारी आणि कोंडलेली बाई एकच!

बाईच्या तोंडाला कंटाळून मुलगा अविनाश पुण्याला नोकरीला पळाला, हे मात्र खरं. सून दीपमाला मागे राहिली. तिनं कंपनीचा टमाट्याच्या बियाण्याचा प्लॉट घेतला आणि सासूला स्वच्छ सांगितलं, "बियाणं पास झालं तर इथंच राहीन. नाहीतर मीबी पुण्याले."

तेव्हापासून बाई शेडनेटच्या जाळीत. आत वारा नाही, नुसती वाफ. उमलायच्या आधी कळी चिमट्यानं सोलायची, आतला नराचा भाग काढायचा, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या झाडाच्या नराची भुकटी लावायची आणि देठाला लाल धागा. उमललेलं फूल आपल्याच भुकटीनं फळतं, म्हणून बाद, ते खुडून टाकायचं. बोलता बोलता हात हलला की कळी मोडते. सुरुवातीला कळ्यांपेक्षा शिव्याच जास्त पडल्या. मग हळूहळू शिव्या आटल्या. मी शेजारच्या बांधावरून मुद्दाम विचारायचो, "वहिनी, जीभ घरी ठेवून आल्या का?" आत चिमटा चालूच. माझी सगळी करमणूक बुडाली.

पण एका दुपारी दीपमाला बाजारात गेलेली, उकाड्यानं बाईचं डोकं फिरलं. शेवटच्या ओळीत तिनं उमललेल्या फुलांनाही धागे बांधून टाकले. धागा दिसला की फळ खरं, हा तिथला कायदा. फळं धरली, लाल झाली. आता खरा धागा कुठला, खोटा कुठला, तिचं तिलाच कळेना. सांगावं तर सून जाणार. लपवावं तर कंपनी बी पेरून तपासणार, अख्खा प्लॉट बाद, तरी सून जाणारच. बाईची भाकर ताटात तशीच राहू लागली.

तोडणीच्या आदल्या दिवशी तिनं दीपमालाला त्या ओळीपाशी नेलं. "ही ओळ खोटी हाय. म्याच घाई केली."

"सगळी?"

"तेच तर सांगता येत नाही मले. सगळीच टाकावी लागंल."

दीपमालानं एक टमाटं तोडून हातात फिरवलं. मग म्हणाली, "आत्याबाई, टोपलं आणा. दोन आणा."

दोघींनी मिळून ओळ रिकामी केली. बाकीचं बियाणं कंपनीकडे गेलंय, निकाल यायचाय. पुण्यासाठी भरून ठेवलेली दीपमालाची पिशवी खुंटीवरून अजून उतरलेली नाही. बाई पुढच्या लागवडीसाठी पुन्हा जाळीत.

परवा मी दार उघडून डोकं आत घातलं. "काय वहिनी, एवढी लालभडक टमाटी उकिरड्यावर? कोणाले समजलं असतं जी?"

चिमट्यावरची नजर न काढता बाई म्हणाली, "तुमाले नसतं समजलं भाऊजी, म्हणून तर तुमाले कामाले घेत नाही. दार लावा, माश्या येऊन राह्यल्या."