उघडे हेडफोन, बंद हेडफोन

चार माणसं वर्षानुवर्षं एकाच ओट्यावर बसली की किस्से साठतात, माळ्यावर रिकामे डबे साठतात तसे. कुणी मुद्दाम ठेवत नाही, पण टाकवतही नाहीत. आमच्या तुंगार्लीच्या ओट्यावरचे बहुतेक किस्से हेडफोनचे आहेत. हे सांगितलं की लोकांना वाटतं, आम्ही काहीतरी मोठं यंत्रबिंत्र चालवत होतो. तसं काही नव्हतं. आम्ही घरी बसून एक खेळ खेळायचो, आणि त्या खेळाला हेडफोन उघडे बरे की बंद बरे, यावर तीन हिवाळे आमचं एकमत होत नव्हतं.

ही साठ-सत्तरच्या मधली गोष्ट. मी रेल्वेत टेलिफोन दुरुस्तीला होतो. हौस म्हणून घरी एक ट्रान्झिस्टर सेट जोडला होता. लाकडी खोका, आत मोजके सुटे भाग आणि बाहेर फणसाच्या झाडापर्यंत ताणलेली एरियलची तार. स्पीकर चालवण्याइतका जोर त्यात नव्हता, त्यामुळे ऐकायचं तर हेडफोन लावावेच लागत. ते मी पुण्याच्या जुन्या बाजारातून आणले होते. डोक्यावर पत्र्याची पट्टी आणि दोन्ही बाजूंना भोकाभोकांच्या काळ्या चकत्या. कानावर नुसते टेकायचे.

टेस्ट मॅच असली की तिघेजण यायचे. दाते सर हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायचे. बबन तिकोणे मळवलीचा. त्याची भातशेती होती, शिवाय तिथल्या एका बंगल्याची राखण करायचा. आणि शांतारामभाऊ, खाणीवर खडी फोडायच्या मशिनवरचे मिस्त्री. त्या मशिनच्या आवाजात वीस वर्षं काढून भाऊंचे कान गेले होते. जवळ जाऊन मोठ्यानं बोललं तरच त्यांना कळायचं. आणि घरातली म्हणून माझी बायको, सुमन.

हेडफोन एक आणि माणसं पाच. त्यातूनच खेळ निघाला. एकानं हेडफोन लावून बाकीच्यांकडे तोंड करून बसायचं. प्रत्येक चेंडूनंतर त्यानं हात वर करायचा, बोलायचं मात्र नाही. बाकीच्यांनी त्याच्या चेहऱ्यावरून ओळखायचं, रन निघाली, चौका गेला, आउट झाला की काहीच नाही. मग त्यानं खरं काय ते सांगायचं. ज्याचं बरोबर त्याला एक पॉइंट. सुमन पाटीवर पॉइंट मांडायची.

सगळ्यात चांगलं ओळखायचे शांतारामभाऊ. ज्याला ऐकू येत नाही तो माणसांचे चेहरे नीट बघतो, हे मला तेव्हा कळलं.

*

पहिल्या हिवाळ्यात दाते सर अचानक जिंकायला लागले.

त्यांची मान आखडली होती म्हणे. म्हणून ते माझ्या समोर न बसता माझ्या शेजारी, भिंतीला टेकून बसायचे. त्यांचं डोकं माझ्या डोक्यापासून वीतभर अंतरावर असायचं. माझ्या हेडफोनच्या चकत्या उघड्या, त्यामुळे आतला आवाज बारीकसा बाहेर यायचा. हे मला माहीत नव्हतं. विज्ञानाच्या मास्तरांना अर्थातच माहीत होतं.

एके दिवशी मी हात वर करायच्या आतच सर म्हणाले, "आउट." आणि खरंच आउट होता. मी हेडफोन काढले आणि म्हणालो, "सर, मला कळायच्या आधी तुम्हाला कसं कळलं?"

सर म्हणाले, "तुमचा चेहरा फार हळू आहे हो."

सुमननं सरांचे त्या दिवसाचे सगळे पॉइंट पुसून टाकले. आणि त्याच संध्याकाळी ठरलं, की या खेळाला बंद हेडफोन पाहिजेत.

*

ते तिकोणेनं आणले. तो ज्या बंगल्याची राखण करायचा, त्याच्या मालकीणबाई वयस्कर पारशी होत्या. त्यांचे भाऊ पूर्वी विमान चालवायचे, आणि त्यांची एक ट्रंक बंगल्यावर पडून होती. तिकोणेनं बाईंना आमच्या खेळाचं सांगितलं. बाई खूप हसल्या, आणि ट्रंकेतून चामड्याचे हेडफोन काढून त्याच्या हातात ठेवले. कुणीतरी कानाला लावतंय म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं असावं.

चांगले वाटीएवढे मोठे होते. पूर्ण कान आत जायचा. पण कडेच्या गाद्या कुजून गेल्या होत्या. मी माझ्या सेटला बसेल अशी पिन वायरला लावली, आणि गाद्यांचं काम सुमननं घेतलं. एका जुन्या मखमली पोलक्याचं कापड काढून तिनं आत सावरीचा कापूस भरला आणि अशी बारीक शिलाई घातली, की हेडफोन कानावर चढवले की तुंगार्ली गायब. ना आवाज बाहेर, ना आवाज आत.

सर म्हणाले, "हे खरं विज्ञान." त्यांची मान दुसऱ्या दिवसापासून बरी झाली.

*

बंद हेडफोनचा पहिला प्रसाद मलाच मिळाला.

एका सकाळी बाकीचे आपापल्या कामावर होते, आणि मी एकटाच ऐकत बसलो होतो. मैदानावर आपली जोडी चांगली जमली होती. मध्ये सुमन समोर येऊन काहीतरी बोलून गेल्यासारखं वाटलं. मी मान हलवली. थोड्या वेळानं ती परत आली, पुन्हा काही बोलली. मी पुन्हा मान हलवली. तिसऱ्यांदा तिच्या हातात पिशवी होती. मी तेव्हाही मान हलवली.

लंचची सुट्टी झाली तेव्हा मी हेडफोन काढले आणि जेवायला हाक मारली. घरात कुणी नव्हतं. चुलीजवळ भाकरी झाकून ठेवलेली होती.

संध्याकाळी तिकोणे मळवलीहून आला, तो निरोप घेऊनच. "वैनी त्यांच्या भावाकडं आल्यात. चार दिस ऱ्हानार हायेत. म्हनल्या, तीनदा इचारलं, तीनदा व्हय म्हनले."

ती आल्यावर मी जरा तक्रारीच्या सुरात बोलायला गेलो. ती शांतपणे म्हणाली, "कान उघडे असले की माणूस घरात असतो. ते बंद लावलेत की तुम्ही घरात नसता. मग मी तरी का असावं?"

मी बंद हेडफोन उचलून तिच्या पुढ्यात ठेवले.

शेवटी नियम तिनंच केला. घरातल्या माणसानं उघडे लावायचे आणि पाहुण्यानं बंद. माझी ऐकायची पाळी आली की माझ्यासाठी जुने, भोकाभोकांचे. आणि त्या वेळी सरांनी समोरच्या कोपऱ्यात बसायचं.

*

बंद हेडफोनची आणखी एक खोड होती. लावणाऱ्याला स्वतःचाच आवाज नीट ऐकू येत नाही, त्यामुळे तो आपण कुजबुजतोय असं समजून ओरडत असतो.

दाते सरांनी एकदा टेस्ट मॅचसाठी शाळेतून आजारपणाची रजा काढली होती. ऐकायची पाळी त्यांची होती. ओट्यावरून रस्ता दिसायचा. सरांनी तिकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला. आम्हाला वाटलं विकेट गेली. आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, "आउट."

सर पुढे वाकून, त्यांच्या समजुतीनं अगदी हळू म्हणाले, "हेडमास्तर येतायत. मी अंथरुणात आहे म्हणून सांगा!"

पलीकडच्या बंगल्यातला माळीसुद्धा झारी खाली ठेवून बघायला लागला.

हेडमास्तर फाटकाशी थांबले. मग फाटक उघडून आत आले. सर हेडफोनसकट उभे राहिले. वायर ताणली आणि सेट घसरत ओट्याच्या कडेला आला. तो शांतारामभाऊंनी झेलला. हेडमास्तरांनी चपला काढल्या, सतरंजीवर बसले आणि सुमनकडे वळून विचारलं, "स्कोअर काय झालाय?"

दुसऱ्या दिवशी तेही आजारी पडले.

*

तिकोणेचा चेहरा म्हणजे काळा कातळ. तो ऐकायला बसला की कुणालाच काही ओळखता यायचं नाही. चेंडू पडला की तो हात वर करायचा आणि आमच्याकडे बघत राहायचा. चौका असो, आउट असो, भुवईसुद्धा हलायची नाही. सर म्हणायचे, "याला म्हणतात मनावर ताबा."

दुसरा हिवाळा संपता संपता सुमनचे पॉइंट सगळ्यांच्या दुप्पट झाले होते. मला आधी अभिमान वाटला. मग एकदा तिकोणेच्या पाळीचा पाटीवरचा हिशोब मी दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्राशी ताडून पाहिला. पाटीवर आपले पाच गडी बाद झाले होते. पेपरात एकही नव्हता.

मी तिकोणेला बाजूला घेऊन विचारलं. तो जरा लाजला. म्हणाला, "दादा, ते रेडिओवाले इंग्रजीत बोलत्यात. मला कुटं समजतंय? टाळ्या वाजल्या की कायतरी झालं, एवढं कळतं."

"अरे, मग दोन वर्षं तू खरं काय ते कुठून सांगत होतास?"

"वैनी जे म्हनतील ते बरोबर म्हनायचो. चा त्याच देत्यात न्हवं?"

हे मी सरांना सांगितलं. त्यांना राग येईल असं वाटलं होतं. पण पुढच्या रविवारपासून त्यांनी तिकोणेला कॉमेंट्रीचं इंग्रजी शिकवायला घेतलं. खेळ सुरू व्हायच्या आधी अर्धा तास, पाटीवरचे पॉइंट पुसून तिथंच. तिकोणे मन लावून शिकला. तिसऱ्या हिवाळ्यात त्याचा चेहरा हलायला लागला, आणि आम्हाला त्याचं बिनचूक ओळखता यायला लागलं. तो म्हणायचा, "शिकलो आनि हरायला लागलो." पण ते हसत म्हणायचा. बंगल्यावर पाहुणे आले की त्यांना स्कोअर इंग्रजीत सांगायचा, तोही न विचारता.

*

त्याच हिवाळ्यात शांतारामभाऊ येईनासे झाले.

त्यांना खाणीवर मशिनवरून काढून फाटकावर बसवलं होतं. ऐकू येत नाही, एखाद दिवस अपघात होईल, म्हणून. त्यात चूक काही नव्हतं, पण भाऊंच्या मनाला ते लागलं. मी त्यांच्या घरी गेलो तर ते अंगणात एकटेच बसले होते. म्हणाले, घरातही आता कुणी फारसं बोलत नाही, ओरडावं लागतं म्हणून. पोरगी सासरहून येते, दोन दिवस राहते, हातानं खुणा करते आणि जाते. मी म्हणालो, रविवारी या. त्यांनी मान हलवली, पण आले नाहीत.

मग सुमन स्वतः गेली आणि त्यांना घेऊन आली. काय बोलली ते तिनं मला सांगितलं नाही.

त्या दिवशी तिनं त्यांना ओळखणाऱ्यांत बसू दिलं नाही. सेटजवळ बसवलं आणि बंद हेडफोन त्यांच्यापुढे धरले. भाऊ तीन हिवाळ्यांत एकदाही ऐकायला बसले नव्हते. पहिल्याच वर्षी मी एकदा त्यांना उघडे हेडफोन लावून पाहिले होते, तेव्हा त्यांना नुसती खरखर जाणवली होती. तेव्हापासून त्यांची पाळी आली की ते आपले डोळे दाखवून म्हणायचे, "माजं काम ह्यांचं."

आताही ते नको म्हणाले. सुमन त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्यानं म्हणाली, "भाऊ, नियम आहे. पाहुण्यानं बंद लावायचे." आणि तिनं स्वतःच्या हातानं ते त्यांच्या डोक्यावर चढवले. गाद्या कानाभोवती नीट बसवल्या, पट्टी दाबली. मला खूण केली. मी आवाज शेवटपर्यंत वाढवला.

आम्ही समोर बसलो. सर, तिकोणे, मी. सुमन पाटी घेऊन.

भाऊंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. थोड्या वेळानं त्यांचे दोन्ही हात वर गेले आणि हेडफोनवर जाऊन बसले, घागर धरावी तसे. डोळे मिटले. आम्ही हात वर व्हायची वाट बघत होतो. हात काही तिथून हलेनात.

मग त्यांच्या गालावरून पाणी आलं.

सर हळूच म्हणाले, "आउट."

तिकोणे म्हणाला, "न्हाई, चौका."

सुमननं पाटी खाली ठेवली.

बऱ्याच वेळानं शांतारामभाऊंनी डोळे उघडले आणि एका कानावरची वाटी थोडी बाजूला केली. आम्ही चौघेही त्यांच्याकडे बघत होतो.

"खेळ थांबलाय वाटतं," ते म्हणाले. "कुनीच काय बोलंना." मग थोडं थांबून म्हणाले, "मागं मैदानात कुटंतरी कावळा वरडतोय."

एवढं बोलून त्यांनी वाटी परत कानावर ओढून घेतली.