दारावर कॉफी घेत नाहीत

माझा भाऊ इथिओपियात वारला. तेव्हापासून आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, एकच विचारणं लावून धरलं होतं. "बाई, शेवटी त्याच्या तोंडात पाणी कोनं घातलं?"

मी काय सांगणार, कपाळ! मी इकडे धुळ्यात. तिथल्या कॉलेजातून जो फोन आला त्यात एवढंच होतं, की हृदयविकाराचा झटका आला, दुपारची वेळ होती, राहत्या घरी होता. पुढे कागदपत्रांचे सोपस्कार होऊन पेटी मुंबईला आली, तिथून गाडीने सावद्याला, आमच्या गावी. आबा पाण्याची वाटी आणि तुळशीपत्र घेऊन उभे होते. पण इतके दिवस झालेले, तोंड पाहू नका म्हणून चार लोकांनी त्यांना मागे ओढलं. वाटी हातात तशीच राहिली. आबा रडले नाहीत. दहावा झाला, तेरावा झाला, दारावर येणारे येऊन गेले, माणूस आपला खांबाला टेकून बसलेला. बोलले की एकच वाक्य. कुणी पाजलं का पाणी? का एकटाच होता?

आई असती तर तिने त्यांना रडवलं असतं. ती आधीच गेलेली. मी पडले तापट. माझ्याच्याने समजूत काढणं होत नाही. "आबा, पुरे करा आता," असं मी एकदा ओरडलेसुद्धा. ते म्हणाले, "तू ओरड. मले इचारू दे."

भाऊ तिथे गणित शिकवायला गेला होता. पहिल्याच सुट्टीत तो कॉफीचे मळे पाहायला डोंगरात गेला. तिथल्या गावांत लोक आपल्याच घरात प्रवाशांना उतरवून घेतात. अशाच एका म्हातारीकडे तो दोन दिवसांसाठी म्हणून राहिला आणि मग बिऱ्हाडच तिच्याकडे हलवलं. कॉलेज लांब पडायचं, तरी रोज जायचा-यायचा. रविवारी फोन आला की कॉफीचं पुराण सुरू. ताई, आमच्याकडे कच्चे दाणे घेऊन सुरुवात करतात. ताई, तीन वेळा कप भरतात, आणि तिसऱ्याच्या आधी उठणं म्हणजे यजमानाचा अपमान, कारण तिसरा कप आशीर्वादाचा. मी चिडवायची, "मास्तर आहेस की हॉटेलवाला? आणि 'आमच्याकडे' काय रे म्हणतोस? तुझं घर सावद्याला आहे." तो हसायचा. आम्हाला कॉफी म्हणजे लग्नातली, मशीनमधली, फेसाळ, गोडमिट्ट. तीन-तीन कप कोण पितं, असं वाटायचं.

आमचा केळीचा एक बाग कापून झाला आणि आबा म्हणाले, "मले तिथी घेऊन चाल." गावात ज्याला कळलं त्याने अक्कल शिकवली. या वयात? एवढ्या लांब? काय ठेवलंय आता तिथे? मीही तेच म्हणत होते, खोटं कशाला बोलू. पण रावेरच्या पलीकडे कामाशिवाय न गेलेला माणूस पासपोर्टच्या फोटोसाठी टोपी काढून बसला, तेव्हा मीही माझा फोटो काढून घेतला. कॉलेजमार्फत म्हातारीला निरोप धाडला आणि मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही निघालो. पिशवीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, ठेचा. विमानात आबांनी खिडकीतून एकदाच पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

राजधानीपासून जीपने दिवसभर दक्षिणेला. रस्ता चढत गेला तसा गारवा वाढला, आणि दुपारनंतर दोन्ही बाजूंना केळीच केळी दिसायला लागली. आबा पहिल्यांदा ताठ बसले. "अरे, हा तर आपलाच मुलूख हाये!" मग थोड्या वेळाने, "पण घड कुठी हाये? एकाही झाडाले घड नाही." ड्रायव्हरने समजावलं की ही केळी नव्हे, केळीची चुलत बहीण. हिचं फळ खात नाहीत. खोड आणि कंद खरवडून, खड्ड्यात पुरून आंबवतात आणि त्याची भाकर करतात. या झाडांच्या आडोशाला कॉफी. आबांनी जीप थांबवायला लावली, उतरून एका खोडावर हात फिरवला आणि म्हणाले, "आपुन घड कापून झाल्यावर खोड फेकून देतो ना बाई. इथी खोडावरच घर चालते." बऱ्याच महिन्यांनी ते पाण्याच्या प्रश्नाखेरीज काही बोलले होते.

म्हातारीचं घर गवताने शाकारलेलं, गोल. बाजूला प्रवाशांसाठी बांधलेल्या दोन खोल्या, त्यातली एक माझ्या भावाची. ती दारातच उभी होती, पायघोळ काळ्या कपड्यांत. आमचं पाऊल अंगणात पडलं तशी ती पुढे झाली, आबांचे दोन्ही हात धरले आणि वाकून त्यांना कपाळ लावलं. तिची मुलगी शाळेत शिकवायची, माझ्यासारखीच. तिचं इंग्रजी माझ्याइतकंच लंगडं, म्हणून आमचं जमलं. मी विचारलं, घरात कुणी गेलंय का? काळे कपडे का? ती म्हणाली, "तुझ्या भावासाठी. आईने वर्षभर घालायचं ठरवलंय. कुणाचं ऐकत नाही." मी ते आबांना सांगितलं. आबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

आत चटईवर बसलो. म्हातारीने हिरवे दाणे धुतले, निखाऱ्यावरच्या तव्यात टाकले आणि हलवत राहिली. दाणे तडतडले, काळे झाले, धूर निघाला, तसा तवा उचलून तिने तो आमच्यासमोर फिरवला. वास हाताने ओढून घ्यायचा असतो. मी घेतला, आबा मान खाली घालून बसले. मग तिने दाणे कुटले, लांब मानेच्या काळ्या मातीच्या भांड्यात उकळले आणि बिनकानाच्या इवल्याशा कपांत उंचावरून धार सोडली. पहिला कप आबांच्या पुढे. आबांनी हात जोडले आणि मान हलवली. नको.

मला वाटलं, कडू असेल म्हणून. मी हळूच म्हटलं, "आबा, दोन घोट तरी घ्या. एवढ्या मायेने केलीय."

"आपुन दारावर आलो हाये," ते म्हणाले. "दारावर कोनी चहा पेतं का?"

आता ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे मयताच्या घरी भेटायला जातात त्याला दारावर जाणं म्हणतात. तिथे चहा नाही, पाणी नाही. बसायचं, दोन शब्द बोलायचे आणि 'येतो' न म्हणता उठायचं. उशिराने गेलं तरी पहिली भेट ती दारावरचीच. पण हे सगळं दुसऱ्याच्या मयताला! मी म्हटलं, "आबा, दुःख आपल्या घरचं आहे. दारावर लोक आपल्याकडे आले."

"तिच्या अंगावर पाहा काय हाये," ते म्हणाले. "मी टोपी-धोतरात हिंडून राह्यलो. सुतक ती पाळून राह्यली. मंग दार कोनाचं?"

आता हे सगळं माझ्या लंगड्या इंग्रजीत कुठून आणायचं? मी मुलीला सांगितलं, वडील प्रवासाने थकलेत, नंतर घेतील. म्हातारीने कप उचलून बाजूला ठेवला. स्वतः तिने घेतली नाही.

त्या रात्री आबा भावाच्या खोलीत झोपले. तिथे मात्र पाणी प्यायले, दशमी खाल्ली. मी टोमणा मारला, "इथलं चालतं वाटतं?" म्हणाले, "ही खोली भाड्याची. ही लॉजिंग झाली." देवा रे, या माणसाचे कायदे!

सकाळी पुन्हा तवा, पुन्हा धूर, पुन्हा कप, पुन्हा हात जोडणं. मग आबांनी मला खुणावलं. आता विचार. ज्याच्यासाठी समुद्र ओलांडून आलो ते विचार. मी तोंड उघडणार एवढ्यात म्हातारी उठली आणि निखाऱ्यावर पाणी ओतून बाहेर निघून गेली. दुपारी कॉफी झालीच नाही. शेजारच्या बायका कॉफीच्या वेळेला आल्या, दारातून पाहून परत गेल्या. मुलगी माझ्याकडे आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. ती म्हणाली, "आई कालपासून जेवली नाही. तुझे वडील तिला कधी माफ करणार नाहीत का?"

"कशाबद्दल माफ?" माझा आवाज चढला. "काय केलंय तिने?"

मग तिने सांगितलं. मी एकेक वाक्य मराठीत करत गेले आणि आबा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. त्या दुपारी भाऊ कॉलेजातून चढण चढून आला, नेहमीच्या जागी बसला. कॉफीचा दुसरा फेरा चालू होता. त्याने छातीला हात लावला आणि चटईवर आडवा झाला. मुलगी गाडी बघायला रस्त्याकडे धावली. म्हातारीने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्याने पाणी मागितलं. घरातलं पाणी संपलेलं, झरा खाली उतारावर. मांडीवरचं डोकं टाकून ती जाणार कशी? तिच्या हातात तिचा स्वतःचा कप होता, निवत आलेला. तिने तो त्याच्या ओठाला लावला. दोन घोट त्याने घेतले. आणि मग मान टाकली.

"नंतर गावात कुणीतरी म्हणालं, छातीत दुखत असताना कॉफी द्यायची नसते," मुलगी म्हणाली. "तेव्हापासून आई स्वतः कॉफी पीत नाही. तुम्ही येणार कळलं तेव्हा तिने ठरवलं, वडिलांसमोर कप ठेवायचा. त्यांनी घेतला तर तिची सुटका. आणि ते घेतच नाहीत."

बाई गं! आम्ही तिचा मान राखायला नको म्हणत होतो, आणि ती दर वेळी शिक्षा ऐकत होती.

आबा कधी उठले ते मला कळलं नाही. बाहेर म्हातारी एका झाडाखाली पाठ करून बसली होती. आबा तिच्यासमोर जाऊन जमिनीवरच बसले, आम्ही दोघी मागोमाग. म्हणाले, "तिले सांग, झटका कॉफीनं आला नाही. ह्या रोगानं माह्या घरात माह्या बापालेही नेलं. आणि तिले सांग, पोरगं एकटं नव्हतं. त्याच्या तोंडात मायच्या हातचा घोट गेला. मले आनखी काही इचारायचं नाही."

मी इंग्रजी जुळवायला लागले आणि 'माय'पाशी अडले. तिघं माझ्याकडे बघतायत आणि मी, वर्गात पोरांना दमात ठेवणारी बाई, हुंदके देत उभी. कसंबसं सांगितलं. मुलीने ते त्यांच्या भाषेत म्हटलं आणि म्हातारीने दोन्ही हात छातीवर मारून जो टाहो फोडला, तो ऐकून शेजारच्या बायका धावत आल्या. त्या टाहोतच आबांचा बांध फुटला. पेटी आल्यापासून जे अडकून होतं ते सगळं आलं. लहान पोरासारखे रडले आमचे आबा, परक्या मुलखातल्या मातीत बसून, आणि चार परक्या बायका त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

संध्याकाळी तिने पुन्हा निखारे फुलवले. दाणे भाजले, कुटले, उकळले. बायका बसल्या होत्या. पहिला फेरा झाला, दुसरा झाला. आबांनी दोन्ही घेतले, कडू तोंड करून, पण थेंब न ठेवता. मग तिने तिसरा भरला. तिने कप आबांपुढे केला, पण सोडला नाही.

"आधी तू पे," आबा म्हणाले.

हे मला इंग्रजीत सांगता आलं. तिने कप ओठाला लावला, दोन घोट घेतले, आणि उरलेली कॉफी आबा प्यायले.